जी.एम. म्हणजे जर्मन

या अंकाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात ‘लष्करी वास्तूंचे शिल्पकार’ असे शब्द होते. ते वाचून माझी बायको पद्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचं बरोबरच होतं. बेळगावच्या कॅम्पात छत्तीस वर्षं मी जे नकाशे काढले त्यांत शिल्प म्हणावं असं काही नाही. जवानांच्या बराकी, खेचरांचे तबेले, भटारखाने, संडास आणि दारूगोळ्याची कोठारं. ताजमहाल बघायला लोक तिकीट काढतात, आमच्या इमारतींजवळ गेलात तर पहारेकरी हटकतो. कोठारं कुठं आहेत हे मी इथंही सांगणार नाही. लोंढ्याच्या दिशेला कुठंतरी, एवढं पुरे. निवृत्त झालो तरी गुप्ततेच्या कागदावर केलेली सही निवृत्त होत नाही.

मी मूळचा निपाणीचा, जैन घरातला. वडिलांची थोडी शेती, थोडा तंबाखूचा व्यापार. डिप्लोमा करून मी लष्कराच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पण मी नेमकं काय बांधतो हे कळल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आम्ही जेवायला बसलो, तेव्हा ताट वाढता वाढता म्हणाली, “अरं भरत, आपण पाणीसुदिक गाळून पितो. आणि तू बंदुकीच्या दारूला घरं बांधतोस व्हय रं?”

मी म्हणालो, “आई, ती फुटू नये म्हणून बांधतो.”

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मला मात्र हे उत्तर इतकं आवडलं की पुढं कितीतरी वर्षं मी ते ज्याला त्याला ऐकवत राहिलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लष्करी इमारत म्हणजे जाड भिंत. घराचा नकाशा काढणारा विचार करतो की हे पडू नये. आम्ही विचार करायचो की हे उडालंच तर कुणीकडं उडावं. म्हणून कोठाराच्या भिंती जाड आणि छप्पर मुद्दाम हलकं. स्फोट झाला तर तो वर आभाळाकडं जावा, शेजारच्या कोठाराकडं जाऊ नये. दारं बाहेर उघडणारी, म्हणजे आतला माणूस पळताना दाराशी झगडत बसणार नाही. आणि आत लोखंडाची एक चूक, म्हणजे बारका खिळासुद्धा उघडा नको. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. म्हणून कड्या, कोयंडे, बिजागऱ्या सगळं गनमेटलचं. नाव बंदुकीचं, पण तो तांबं, कथील आणि जस्त यांचा साधा तांबूस पिवळा धातू. ठोकला तरी ठिणगी देत नाही. ही माहिती लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या एका धातूच्या कडीत अडकलेली आहे.

आमच्या कचेरीत नकाशे इंग्रजीत, हुकूम हिंदीत, गवंडी कानडी आणि सुतार मराठी असायचे. एका भिंतीला चार भाषा. तरी भिंती सरळ उभ्या राहायच्या, याचं श्रेय आमचे मुख्य ड्राफ्ट्समन हिरेमठ साहेब यांना. हिरेमठ साहेब कडक, कपाळावर विभूती, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांनी तरुणपणी एका जर्मन वास्तुविशारदाच्या हाताखाली ट्रेसिंग केलं होतं. त्या माणसाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, आमच्या कचेरीत सगळे त्याला जर्मनसाहेबच म्हणत.

या जर्मनसाहेबाची हकिगत हिरेमठ साहेब तुकड्यातुकड्यांनी सांगत. स्वतःच्या देशात त्यानं फौजेच्या बराकी आणि दारूची कोठारं बांधली. त्यातच त्याचं नाव झालं. मग तिथं राज्य बदललं आणि त्याची बायको ज्या धर्माची होती त्या धर्माच्या माणसांना तिथं राहणं अशक्य झालं. ज्या फौजेसाठी त्यानं घरं बांधली तिच्याच भीतीनं तो बायकोला घेऊन निघाला आणि हिंदुस्थानात एका संस्थानिकाकडं नोकरीला लागला. युद्ध सुरू झाल्यावर इथल्या सरकारनं त्याला शत्रूच्या देशाचा म्हणून नजरकैदेत ठेवलं. नंतर कोठारं बांधायला जाणता माणूस मिळेना, तेव्हा त्याच सरकारनं त्याला बाहेर काढून टेबलाशी बसवलं. दोन्हीकडच्या फौजांची कोठारं बांधलेला हा माणूस बोलायचा फार कमी.

त्याची एक शिस्त होती. नकाशावर तो एकही शब्द आखूड करून लिहीत नसे. इंग्रजी त्याचीही भाषा नव्हती आणि गवंड्या-सुतारांचीही नव्हती, म्हणून त्याला वाटायचं की दोन परक्यांमध्ये अर्धा शब्द ठेवायचा नाही. हिरेमठ साहेबांनी ती शिस्त कानडीत आणली होती. आम्ही कुठं अक्षरं वाचवली की मागून आवाज यायचा, “पूर्ती बरी!” कानडीत याचा अर्थ, पूर्ण लिही. मला नवीन असताना वाटलं की साहेब मराठीत बोलतायत, काम पूर्ती झालेली बरी, असं काहीतरी. अर्थ लावला चुकीचा, पण तोही चालून गेला.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी हिरेमठ साहेबांनी त्यांच्याकडं आलेली जर्मनसाहेबाची कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. आत निळी मखमल, चांदीसारखी लखलखणारी रूलिंग पेनं. सगळ्या ड्राफ्ट्समनांत माझं अक्षर उजवं, म्हणून मला. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “भरत, अक्षर चांगलं आहे. माज करू नको.”

त्या पेटीमुळं आमच्या कचेरीला ठेकेदारांत ‘जर्मन हापीस’ असं नाव पडलं होतं. चौकटीचा घट्ट सांधा म्हणजे जर्मन सांधा, पाणी न साठणारी पायरी म्हणजे जर्मन पायरी. चांगलं ते सगळं जर्मन. आणि आपल्याकडं जर्मन म्हणजे आणखी काय, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात दूध तापायचं ते जर्मनच्या पातेल्यात. शाळेतली पुस्तकं त्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणतात, पण बाजारात जाऊन अ‍ॅल्युमिनियम मागणारा माणूस मी निपाणीत तरी पाहिला नाही.

आता कल्लाप्पा मिस्त्री. वडगावचा सुतार, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. पंधरा वर्षं कॅम्पातली निम्मी दारं त्याच्या हातची. इंग्रजी वाचता येत नसे, पण नकाशातली रेघ त्याला अशी कळायची की मी एखादं माप चुकवलं तर तोच कान पकडायचा. एकदा खेचरांच्या तबेल्याचं फाटक मी पुस्तकातल्या मापानं काढलं. कल्लाप्पा म्हणाला, “साहेब, वझं घेतल्यालं खेचर ह्यातनं जायाचं न्हाय.” मी म्हटलं, पुस्तकात हेच माप आहे. फाटक बसलं आणि पहिलंच खेचर दोन्ही बाजूंच्या ओझ्यासकट त्यात अडकून बसलं. तबेल्याचा ताबा घ्यायला आलेले सुभेदार साताऱ्याकडचे होते. ते मला शांतपणे म्हणाले, “चौगुले, खेचर नकाशा वाचत नाही.” कल्लाप्पानं ते फाटक दोन दिवसांत रुंद केलं आणि कुणाकडंही त्याचा बोभाटा केला नाही. चूक माझी होती, झाकली त्यानं. हे मी पुढं विसरलो.

हिरेमठ साहेब निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी चार नव्या कोठारांचं काम निघालं. नकाशे मी काढले. माझ्या सगळ्या नोकरीतले ते सर्वांत देखणे नकाशे, हे आजही म्हणतो. दाराच्या तपशिलात जागा कमी होती. प्रत्येक कडी-बिजागरीपुढं ‘गन मेटल’ असं पूर्ण लिहिलं तर अक्षरांची दाटी होत होती, शोभा जात होती. मी लिहिलं, ‘जी.एम.’ आणि खाली टिपांच्या चौकटीत त्याचा अर्थ द्यायचा राहून गेला. चौकटीत शेवटची ओळ रिकामी होती, तरी राहिला. मागून ओरडणारं कुणी उरलं नव्हतं.

कल्लाप्पाला ठेकेदारानं दारांचं काम दिलं. बराकी-तबेल्यांची दारं त्यानं ढिगानं केली होती, कोठाराची ही पहिलीच. तो नकाशाचा अमोनिया प्रिंट, म्हणजे ठेकेदाराला मिळते ती नक्कल, घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी दुसऱ्या कागदावर शाईची रेघ ओढत होतो. रेघ ओढताना ड्राफ्ट्समन मान वर करत नाही.

“साहेब, कडीम्होरं हे जी.एम. काय वो?”

“गनमेटल,” मी म्हणालो. ओठात पेन्सिल धरलेली होती.

“व्हय व्हय, जर्मनमेटल. जर्मन. कळलं.”

तो गेला. मी ‘जर्मन’ हा शब्द ऐकला का? पुढं चौकशीत मी सांगितलं की नाही ऐकला. खरं म्हणजे ऐकला होता. पण आमच्याकडं दिवसातून पन्नास वेळा जर्मन शब्द निघायचा, मला वाटलं जर्मनसाहेबाच्या पद्धतीबद्दल बोलतोय. पाच इंचाची ती रेघ संपवून मान वर केली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

कल्लाप्पानं शहापुरातल्या एका ओतकाम करणाऱ्याकडून जर्मनच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या करवून घेतल्या. घासून पुसून बसवल्या आणि नियमाप्रमाणं वर हिरवा ऑइलपेंट दिला. कोठारं लष्कराच्या ताब्यात देण्याआधी तपासणी माझी. खिशात लोहचुंबक घेऊन मी चारही कोठारं फिरलो. प्रत्येक कडीला चुंबक लावला, तो कुठंच चिकटला नाही. लोखंड नाही, म्हणजे गनमेटल. चुंबक जर्मनलाही चिकटत नाही, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मी सही केली, नेहमीसारखी तीन आद्याक्षरं, बी.ए.सी.

तीन आठवड्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या येऊन पडल्या. दोन कोठारं भरली. एका सकाळी खेचराच्या फाटकावेळचे तेच सुभेदार कुलूप काढत असताना किल्ल्यांचा जुडगा कडीवर घासला गेला, रंगाचा पोपडा निघाला आणि आत पांढरं दिसलं. गनमेटल कधी पांढरं नसतं. सुभेदारांनी हातातली किल्ली हळूच खाली घेतली आणि सगळ्यांना मागं जायला सांगितलं.

यात एवढं काय, असं वाटेल. जर्मनचा ठोका गंजक्या लोखंडावर बसला तर जी ठिणगी पडते ती साध्या ठिणगीपेक्षा जास्त तापट असते. पेट्यांना लोखंडी पट्ट्या होत्या, त्यातल्या काही गंजलेल्या होत्या. त्या दिवशी भर उन्हात जवानांनी दोन्ही कोठारं रिकामी केली. पायांत रबरी बूट, एका पेटीला चार माणसं. बंब उभा होता. मी कुंपणाबाहेर उभा राहून बाहेर येणारी प्रत्येक पेटी मोजत होतो. विशीतली पोरं होती ती. माझ्या अक्षराच्या शोभेसाठी त्यांच्या हातात ते ओझं आलं होतं. काही फुटलं नाही. शेवटची पेटीही धड बाहेर आली.

चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी मूळ ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून प्रिंट निघतात ते शाईनं आखलेलं पातळ कापड, मागवणार, हे मला सकाळीच कळलं. माझं लग्न ठरलेलं होतं, बहिणीचं व्हायचं होतं, वडील अंथरुणाला खिळलेले. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. कारणं खरी आहेत, पण भीती त्याहून खरी होती. दुपारी सगळे जेवायला गेले. मी जर्मनसाहेबाची पेटी उघडली, रूलिंग पेन काढलं, तीच शाई घेतली आणि टिपांच्या चौकटीतल्या रिकाम्या शेवटच्या ओळीत लिहिलं की जी.एम. म्हणजे गन मेटल. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. त्या ट्रेसिंगवरून ताजा प्रिंट काढून कचेरीच्या फायलीत लावला, जुना फाडून टाकला. एकाच कागदावर माझा इलाज नव्हता, तो म्हणजे कल्लाप्पाकडचा प्रिंट.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. टेबलावर ट्रेसिंग पसरलेलं. समोर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कल्लाप्पा, खांद्याला त्याची खाकी पिशवी. मला विचारलं, मी बोट ठेवून ती ओळ दाखवली. म्हणालो, नकाशात स्पष्ट लिहिलेलं आहे. मग कल्लाप्पाला विचारलं, तुला दिलेला प्रिंट कुठं आहे?

त्यानं ट्रेसिंगकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं असावं. मला दिसलं नाही, मी खिडकीकडं बघत होतो. बाहेर एक जवान चुन्यानं दगड रंगवत होता. कल्लाप्पाचा आवाज आला, “हरवला, साहेब.”

कल्लाप्पाचा गेटपास काढून घेतला. कॅम्पाच्या हद्दीत पुन्हा काम द्यायचं नाही, असा शेरा त्याच्या नावापुढं पडला. मला ‘तपासणीत अधिक दक्षता घ्यावी’ अशी ताकीद. पुढं मला बढत्या मिळाल्या, सुंदर नकाशांसाठी दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं. हिरेमठ साहेब त्यानंतर सहा वर्षं हयात होते. त्यांचं घर माझ्या रस्त्यावर होतं. मी रस्ता बदलला. त्यांच्या मातीला गेलो तेवढाच.

हे सगळं मी या लेखात लिहिणार नव्हतो. पहिला खर्डा लिहिला त्यात जर्मन कड्यांची गंमत म्हणून हीच हकिगत होती. भोळा सुतार, चुकीचा धातू, चाणाक्ष सुभेदार, सगळे बचावले. लोकांना आवडली असती. तो खर्डा पद्माला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, “छान आहे. त्या मिस्त्रीचं पुढं काय झालं?”

मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.   मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं उरलेली मेथी निवडून संपवली. शेवटी म्हणाली, “आपल्या लग्नाचं नाव पुढं करू नका. ती ओळ मला विचारून लिहिली नव्हतीत.”

दुसऱ्या दिवशी वडगावात चौकशी केली. एका सुताराच्या दुकानात कळलं, कल्लाप्पामामा संकेश्वरला, लेकीकडं. मी एस.टी. स्टँडवर गेलो आणि संकेश्वरची गाडी पकडली. उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगत होती, त्यामुळं माघारी फिरावं की काय याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पण उतरलो नाही.

घर सापडायला अडचण आली नाही. दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या टेकवलेल्या. त्यांतली एक मांडीवर घेऊन रंधा मारत एक म्हातारा बसला होता. ऐंशीच्या घरातला, पाठीला बाक, पण रंध्यावरचा हात तोच. मी चपला काढल्या. त्यानं मान वर केली.

“चौगुलेसाहेब,” तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. मग आत हाक मारली, “शोभा, पाणी आण गं. कॅम्पातलं साहेब आल्यात.”

शोभा म्हणजे त्याची मुलगी, इथल्या शाळेत शिक्षिका. पाणी देऊन ती दाराशी उभी राहिली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. “कल्लाप्पा, ती ओळ...” एवढंच आलं.

“ठावं हाय,” तो म्हणाला. रंधा बाजूला ठेवला आणि भिंतीला धरून उठला. आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चौघडी घातलेला कागद होता. माझाच नकाशा. प्रिंट तपकिरी पडलेला, रेघा विटलेल्या, घड्यांवर फाटू नये म्हणून मागून कापडाची पट्टी चिकटवलेली. टिपांच्या चौकटीतली शेवटची ओळ रिकामी होती.

“त्या दिवशी पिशवीतच व्हता,” कल्लाप्पा म्हणाला. “हात घातलाता मी. मग टेबलावरचं तुमचं कापड बघितलं. मला इंग्रजी येत न्हाय, पर रिकामी जागा वळखू येती. माझ्या कागदात तितं मोकळं, आन तुमच्यात भरल्यालं. तवा कळलं.”

“मग दाखवला का नाहीस?”

“दावून काय व्हणार हुतं? सुताराचा कागद खरा, का सरकारी कापड खरं? म्हणले असते, ह्यानंच कायतरी केलंय.” तो जरा थांबला. “आणि तुमी खिडकीकडं बघत हुता. लई भ्यालेला माणूस दिसला वो. म्हटलं, आज न्हाय तर आठ दिसांनी यील, सांगंल. तवर कागद जपू.”

“पस्तीस वर्षं झाली, कल्लाप्पा.”

“मोजली न्हाईत. तेवढा येळ कुटं हुता? राग मातूर लई हुता. पयली दोन वर्सं जो खिळा ठोकला त्यो तुमच्या नावानं ठोकला. हितं कारखान्याच्या गाड्या बांधल्या, ट्रॉल्या बांधल्या. पोट भरलं. पर दार केलं न्हाय.” त्यानं फळीवरचा भुसा हातानं झटकला. “वडगावात मानसं म्हणायची, ह्येनं फौजेला खोटा माल दिला. आमची म्हातारी आय त्येच ऐकत ऐकत गेली. जर्मन स्वस्त म्हणून लावलं, अशी बोलायची मानसं. म्या चांगलं म्हणून लावलं हुतं, साहेब. जर्मन म्हंजे चांगलं, ह्ये तुमच्याच हापिसात शिकलो.”

मला रडू आलं. त्यानं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. ते बरोबरच होतं. मग मी म्हणालो, “मी सगळं लिहून देतो. अंकात छापून येईल. कुठं सांगायचं तिथं सांगतो.”

“अंकात छापा, न्हायतर नका छापू. हितं लिवा.” त्यानं प्रिंट फळीवर पसरला आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. “तुमच्या अक्षरात. मराठीत लिवा, म्हंजे शोभानं वाचल्यालं मलाबी कळंल. तिच्या पोरास्नी वाचता यील.”

खिसे चाचपले, पेन नव्हतं. आयुष्यभर शाईत बुडालेला माणूस मी, आणि बिनपेनाचा आलो होतो. कल्लाप्पानं कानावरची सुताराची चपटी पेन्सिल काढून दिली. ओळीत काही मावेना, म्हणून चौकटीच्या बाहेर, खालच्या कडेपर्यंत लिहीत गेलो. जी.एम.चा अर्थ या नकाशात लिहिलेला नव्हता. चौकशीच्या आदल्या दिवशी तो मी मूळ ट्रेसिंगवर मागाहून लिहिला. चूक माझी आणि लबाडीही माझी. कल्लाप्पा मिस्त्रींचा काही दोष नाही. पेन्सिल जाड होती आणि जुना कागद घड्यांवर उचलत होता. इतकं वाईट अक्षर मी उभ्या जन्मात काढलं नव्हतं. खाली सवयीनं तीन अक्षरं ओढली आणि कागद शोभाच्या हातात दिला.

तिनं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘दोष नाही’ हे शब्द तिनं दोनदा वाचले. मग शेवटी थांबून म्हणाली, “खाली कायतरी बी.ए.सी. हाय, आप्पा.”

कल्लाप्पानं तिच्या हातातून कागद घेतला, पुन्हा फळीवर पसरला आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली.

“आकूड नको, साहेब. परत कुणीतरी भलतंच वाचंल. पूर्ण लिवा.”

मी लिहिलं, भरत आप्पासाहेब चौगुले, निपाणी.